कोंबडीसह टेम्पो

दिगूकाका बुधवारी सकाळी वारले. ते माझे धाकटे काका. बोईसरला त्यांचं ऑफिस होतं. तिथे ते जुन्या गाड्यांचे व्यवहार जुळवून द्यायचे आणि नावबदलीचे कागद करायचे.

लोक गाडी त्यांच्याकडे विकायला सोपवत. विकली जाईपर्यंत मालकी मालकाची आणि जबाबदारी काकांची, असा करार ते आधी करत आणि तो गाडीसमोर उभं राहून मोठ्याने वाचत. का, असं विचारलं की म्हणत, "जिच्याबद्दल लिहिलंय, तिला कळायला नको?" एकदा त्यांनी शेणखताच्या ट्रॉलीलाही करार वाचून दाखवला. नाकाला रुमाल होता, पण कलम एकही गाळलं नाही.

काही वर्षांपूर्वी चिंचणीच्या हिराआजींचा टेम्पो त्यांच्या वाडीत चिकूखाली नुसता उभा होता. काकांनी त्याला गिऱ्हाईक आणलं, डोंगराकडचा जयराम. भाजी पालघरच्या बाजारात नेता आली, तर दिवाळीनंतर बायकापोरांना घेऊन वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं. काकांनी ऑफिसात बसूनच कागद केला, 'टेम्पो आतील सर्व चीजवस्तूंसह.' मग आजींची सही घ्यायला काका, जयराम आणि मी चिंचणीला गेलो.

ड्रायव्हरच्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं. त्या भोकात आजींची कोंबडी अंड्यांवर बसली होती. जयरामने दार उघडताच तिने त्याच्या बोटाला टोचलं.

आजी म्हणाल्या, पिल्लं निघेपर्यंत गाडी हलायची नाही आणि सहीही होणार नाही. काकांनी चष्मा पुसला आणि कागदाप्रमाणे कोंबडी आता जयरामची झाल्याचं शांतपणे समजावलं.

"दिगू, मंग तुज्या कागदालाच बसव अंड्यांवर," आजी म्हणाल्या. "माजी कोंबडी हाय ती."

जयराम बोट चोखत उभा होता. "मला कोंबडी नको, काका. गाडी पायजे. नायतर भट्टीचा मुकादम येल न्यायला."

काकांनी कागद फाडून दुसरा करावा, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो होतो. "झालेला कागद फाडत नाहीत," ते म्हणाले. "त्याला पुरवणी जोडतात."

मग टेम्पोच्या बॉनेटवर त्यांनी पुरवणी करार लिहिला. टेम्पो आजपासून जयरामचा. कोंबडी व होणारी पिल्लं आजींची. सीट जयरामची, पण पिल्लं निघेपर्यंत सीट आणि कोंबडी दोन्ही काकांच्या ताब्यात. हे सगळं त्यांनी कोंबडीला वाचून दाखवलं. तिने मान तिरकी केली. "हरकत नाही," काका म्हणाले. आजींना हसू आवरेना आणि त्या हसण्यातच त्यांनी सही केली.

जयराम चिकूच्या क्रेटवर बसून टेम्पो घेऊन गेला. आम्ही कोंबडीवर फडकं टाकलं आणि सीट मांडीवर घेऊन रिक्षाने बोईसरला आलो.

पुढचे दिवस ऑफिसात सगळे हळू बोलत. काका शिक्कासुद्धा दाबून, आवाज न करता मारत. आजींचा फोन आला की ते तो कोंबडीच्या कानाशी धरत. एका कंपनीचे साहेब गाडी विकायला आले, तेव्हा काकांनी त्यांना बाकावर बसवून सांगितलं, "थांबा जरा, आधीचा माल उबतोय."

पिल्लं निघाली. काकांनी पोचपावती केली, 'ताब्यात घेतला नग एक, परत केले नग आठ. फरकास कोंबडी जबाबदार.' आजींनी ती पावती देवघरात ठेवली. सीट जयराम घेऊन गेला.

काकांच्या दहाव्याला जयराम आला होता. मुकादम गावातल्या इतरांना घेऊन गेला, असं त्याने सांगितलं. तू नाही गेलास, असं मी त्याला विचारलं.

काका नाहीत. जयराम यंदाही घरीच आहे.