भावाची मरणतारीख

माझ्या थोरल्या भावाला मी अग्नी दिला तेव्हा तो जिवंत होता, आणि हे मला माहीत होतं. अग्नी त्याच्या देहाला दिला नव्हता. पळसाच्या पानांचा, नारळाचं डोकं लावलेला एक पुतळा होता. आमच्याकडे माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की असा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकतात. ही गोष्ट मी पंचेचाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही. माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली, तिलाही नाही. गेल्या महिन्यात ती सांगावी लागली. आता इतरांनी ती दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकावी, म्हणून लिहितो आहे.

सुरुवात माझ्या पुतणीपासून झाली. पुतणी म्हणजे याच भावाची मुलगी. भाऊ घर सोडून गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिचं शिक्षण, लग्न, सगळं माझ्या हातून झालं. कन्यादानही मीच केलं. आता ती शाळेतून निवृत्त झाली आहे, मुलुंडला राहते. वहिनी, म्हणजे तिची आई, तिच्याकडेच असते. मी बोरिवलीत एकटा.

निवृत्त झाल्यावर पुतणीला वंशावळीच्या एका वेबसाइटचं वेड लागलं. तिथे आपण आपल्या घराण्यातली माणसं भरायची, नातेवाइकांनी त्यात भर घालायची, चुका दुरुस्त करायच्या. गावच्या वंशावळीची प्रत माझ्याकडे होती. फुलस्केप कागदावर, भावकीतल्या एका म्हाताऱ्याच्या वहीवरून मीच उतरवून घेतलेली. त्या प्रतीचा फोटो पुतणीला पाठवला तर लगेच फोन.

“काका, यात बायका कुठायत? बारा पिढ्या काय आभाळातून पडल्या?”

मग ती आणि वहिनी बायकांची नावं आठवून आठवून भरायला लागल्या. वहिनीच्या चौकटीत तिचं माहेरचं नाव आलं, त्याचं तिला फार अप्रूप. रोज एकदा टॅबवर ती स्वतःची चौकट बघायची. तीसेक नातेवाईक जोडले गेले. दिंडोशीचा माझा चुलतभाऊ ग्रुपवर लिहायचा, “एवढ्या पिढ्यांत एक सरदार निघाला नाही रे, इज्जतीची वाट लागली.”

त्या कागदावर माझ्या भावाच्या नावामागे मी ‘कै.’ लिहिलं होतं आणि पुढे पुतळा जाळल्याचा दिवस. पुतणीने तोच दिवस मृत्यूची तारीख म्हणून भरला. मी काही बोललो नाही. आपलीच माणसं आहेत, सगळी तेच धरून चालली आहेत, कोण खोदणार, असं मनाला समजावलं.

एके दुपारी मी कुकर लावत होतो. फोन आला.

“काका, ऐका ना, गंमत झालीय. साइट म्हणते, बाबा अजून एका झाडात आहेत.”

“म्हणजे?”

“भावनगरचा कुणी माणूस आहे. त्याच्या वडिलांचं नाव तेच, आजोबांचं तेच, आडनाव तेच, गावसुद्धा तेच. फक्त मृत्यूची तारीख आपल्यापेक्षा सव्वीस वर्षं पुढची.”

आपल्याकडे माणसाच्या नावातच बापाचं नाव असतं. त्यावर आडनाव आणि गाव मिळालं की यंत्राला फार डोकं चालवावं लागत नाही. मला हे आधी सुचायला हवं होतं. मी ओट्याला धरून उभा राहिलो.

“एका नावाची पन्नास माणसं असतात गं.”

“एका गावात?”

“असतात.”

“मी फोटो मागते त्याच्याकडे.”

“नको.” माझा आवाज मलाच मोठा वाटला. “तिऱ्हाइताला आपल्या घरचं कशाला सांगायचं? फसवतात लोक.”

ती हसली. “काका, तो काय ओटीपी मागतोय माझ्याकडे?”

घरातला सगळ्यात मोठा म्हणून तिने मला त्या साइटवर बदल करायचे अधिकार दिले होते. मी साइट उघडली. दोन चौकटी शेजारी शेजारी, आणि प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का? मी ‘नाही’ दाबलं. साइटने कारण विचारलं. मी एका बोटाने टाइप केलं: “माझा भाऊ त्याच्या कितीतरी आधी वारला. मी स्वतः अंत्यविधी केला.” यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

तिथे कुणी काय केलं, कधी केलं, हे त्याच्या नावासकट सगळ्यांना दिसत राहतं. मला ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी पुन्हा फोन.

“तुम्ही ‘नाही’ दाबलंत? मला विचारलं पण नाही.”

“खात्री होती म्हणून.”

“पण अंत्यविधी पुतळ्याचा ना? मग खात्री कशी?”

ती गणित शिकवायची. प्रश्न अगदी सरळ होता, आवाजात संशय नव्हता. काहीतरी पुटपुटलो आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर चार दिवस अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी साइटवर माझ्याच नावाने निरोप आला, हिंदीत. भावनगरच्या माणसाने माझ्या ‘नाही’खालचं नाव वाचलं होतं. त्याने लिहिलं होतं की तुम्ही माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ असाल तर मला तुमच्याशी बोलायचं आहे. वडील सांगायचे, मुंबईत भाऊ आहे, त्याच्या कारखान्याच्या पत्त्यावर एकदा कार्ड लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. त्याबद्दल ते कधी रागाने बोलले नाहीत. एवढंच म्हणायचे, पत्ता चुकला असेल.

पत्ता चुकला नव्हता. मी तेव्हा भांडुपला एका कारखान्यात होतो. टाइमकीपरने कार्ड हातात दिलं, अक्षर बघूनच ओळखलं. बंदरावर काम करतो, असं लिहिलं होतं. इथे दुसरं घर केलं आहे, मुलगा झाला आहे. गुन्हा माझा आहे. तिला सांग, तिने काय करायचं ते तिला ठरवू दे. मुलीला एकदा बघायला येऊ का, ते कळव.

पुतळ्याचा विधी तीन आठवड्यांवर आला होता. मी एकतीस वर्षांचा होतो. घरात थोरल्याचा पत्ता नाही म्हणून माझं लग्न अडलेलं. नुकतंच एका ठिकाणी जमत आलं होतं आणि मुलीच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, “थोरल्याचं काय ते एकदा मिटवा, मग बोलू.” मेलेला भाऊ चालला असता. परमुलखात दुसरी बाई करून राहिलेला भाऊ चालला नसता. मी कारखान्याच्या संडासात जाऊन कार्ड पुन्हा वाचलं, बारीक बारीक फाडलं आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं.

विधी गावाला, नदीच्या काठावर झाला. भटजींनी सांगितलं की यानंतर हा माणूस परत आला तर त्याला नव्याने जन्मलेला धरावं लागतं. बारशापासून सगळे संस्कार पुन्हा, आणि स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, “आता खंय येतलो तो?” दोघंतिघं हसले. मीही हसलो.

त्या सकाळी वहिनी परसात माझ्याजवळ आली होती. चौतीस वर्षांची होती. “भावोजी, तुम्हाला काय वाटतं? नाहीच येणार?” तिने दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “बारा वर्षं झाली, वहिनी.” ती मान हलवून आत गेली. दुपारी बघितली तेव्हा कपाळ मोकळं होतं. चौदा वर्षांची पुतणी, पुतळा जळेपर्यंत, माझ्या सदऱ्याचं टोक धरून उभी होती.

भावनगरचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलुंडची बस धरली. आज ना उद्या तो पुतणीलाही कार्डाचं लिहिणार होता. त्याआधी मला पोचायचं होतं. वाटेत एका थांब्यावर मी उतरलोसुद्धा. परत फिरावं म्हणून रस्ता ओलांडला, पलीकडच्या थांब्यावर दोन बस जाऊ दिल्या आणि पुन्हा मुलुंडच्या बाजूला आलो. वहिनी शिव्या देईल, तिने द्याव्यातच. भीती पुतणीची होती. मला मूलबाळ नाही. ती माझ्याकडे बाप म्हणून बघत आली, आणि तिचा बाप तिला बघायला येत होता तेव्हा दार मी लावलं होतं.

वहिनी हॉलमध्ये मेथी निवडत होती. पुतणीने चहा ठेवला. मी बसलोच नाही.

“वहिनी, दादा तेव्हा जिवंत होता.”

“केव्हा?”

“पुतळा जाळला तेव्हा.”

“हां. ते आता त्या भावनगरवाल्यामुळे कळलं तुम्हाला.”

तिने मला वाट काढून दिली होती. नकळत. क्षणभर मी हो म्हणणारच होतो.

“नाही. तेव्हाच कळलं होतं. तीन आठवडे आधी त्याचं कार्ड आलं होतं.”

स्वयंपाकघरात पुतणीचा वावर थांबला. चहा उकळत राहिल्याचा आवाज येत होता.

“कुठाय कार्ड?” वहिनीने विचारलं.

“फाडलं.”

“काय लिहिलं होतं?”

मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तेवढे शब्द मला पाठ होते. मुलीला बघायला येऊ का, हे सांगताना मी फरशीकडे बघत होतो. पुतणी दारात येऊन उभी राहिली होती.

“आणि मेले कधी?” वहिनी म्हणाली.

पुतणीने साइटवरची तारीख सांगितली. वहिनीने बोटांवर मोजलं.

“म्हणजे साठीपर्यंत मी सवाष्ण होते.”

तिने मेथी बाजूला सारली.

“तुमच्या लग्नात तुम्हाला हळद लावायला मला पुढे येऊ दिलं नव्हतं. मागे बसवलं होतं, सामानाजवळ. आठवतंय?”

“हो.”

“तुम्ही बघत होता.”

“हो, वहिनी.”

मग पुतणी बोलली. हळू, वर्गात बोलावं तसं. “मला बघायला येऊ का, असं विचारलं होतं त्यांनी. आणि तुम्ही उत्तर दिलं नाही.”

“नाही दिलं.”

“शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर मी त्यांच्या नावामागे कैलासवासी लिहायचे, काका. सुवाच्य अक्षरात.”

काका म्हणाली ती सवयीने. मला ते कळलं. चहा करपल्याचा वास आला. तिने आत जाऊन गॅस बंद केला, येताना टॅब घेऊन आली आणि माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला.

“तारीख मी बदलणार नाही. तुम्ही बदला. कारणही लिहा. पूर्ण.”

“आत्ता?”

“मग कधी?”

मी खाली बसलो. लिहिलं: “आधीची तारीख खोटी आहे. त्या दिवशी माझा भाऊ जिवंत होता आणि मला ते माहीत होतं. त्याचं पत्र मी फाडलं. त्याच्या बायकोला आणि मुलीला सांगितलं नाही.” अक्षरं चुकत होती, पुतणी शेजारी उभी होती, तिने एकही दुरुस्त करून दिलं नाही. मग ‘ही एकच व्यक्ती आहे का’ या प्रश्नाला आता ‘होय’ दाबलं. दोन चौकटींची एक झाली आणि तिच्यातून दोन बायकांकडे दोन रेघा गेल्या. एकीच्या खाली माझी पुतणी, दुसरीच्या खाली तो माणूस.

वहिनीने चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या बाईच्या चौकटीवर बोट ठेवलं.

“ही आहे अजून?”

“दोन वर्षांपूर्वी गेल्या,” पुतणी म्हणाली.

“बरं,” म्हणून तिने मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली. मला थांबा म्हणालं नाही कुणी, जाही म्हणालं नाही. मी चपला घातल्या.

बदल झाला की जोडलेल्या सगळ्यांना सूचना जाते. मी अजून बसमध्येच होतो तेव्हा दिंडोशीच्या चुलतभावाचा फोन आला.

“हे काय लिहून ठेवलंयस? डोकं फिरलं का तुझं? काढ ते आधी.”

“काढता येत नाही.”

“येत नाही की काढायचं नाही?”

“दोन्ही.”

“अरे, या वयात कोण विचारणार होतं तुला?”

त्याला काय सांगणार? मी फोन ठेवला. त्यानंतर सोसायटीत खाली उतरायचीही भीती वाटू लागली. आमच्या गावची दोन घरं याच बिल्डिंगीत आहेत. लिफ्टमध्ये कुणी बोललं नाही तरी वाटतं, वाचलेलं आहे, आणि कुणी नेहमीसारखं बोललं तर त्याहून वाटतं.

तीन आठवडे पुतणीचा फोन नव्हता. पूर्वी दर दिवसाआड असायचा. मी केला नाही. काय म्हणून करायचा? परवा तिचा मेसेज आला. “तो रविवारी येतोय. आई म्हणते, तुम्हीही या.” मी तो चार-पाच वेळा वाचला, ‘काका’ हा शब्द कुठे आहे का बघत. नव्हतं.

भावनगरचा तो मुलगा, मुलगा कसला, पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, त्यानेही माझं कारण वाचलेलंच असणार. पत्ता चुकला नव्हता हे त्याला आता माहीत आहे. त्यानंतर त्याने मला एक अक्षर लिहिलेलं नाही. साइटवर त्याने बापाचा फोटो लावलाय, तो मी अजून मोठा करून बघितलेला नाही. भाऊ घर सोडून गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याचा म्हातारपणीचा चेहरा मला ठाऊक नाही. रविवारी तो त्या मुलाच्या तोंडावर दिसेल असं वाटतं, आणि त्या तोंडाने तो मला काय विचारेल याची भीती वाटते.

येतो, असं कळवलंय. काल शर्ट इस्त्रीला दिला. इस्त्रीवाला म्हणाला, “काय आजोबा, लग्नबिग्न आहे काय?”

“नाही,” मी म्हटलं, “पुतण्या येतोय.”

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला. तो विचारत होता, कुठून येतोय. मी नुसताच पावतीसाठी हात पुढे केला.