रुमालाखालचा भाव

सारंगखेड्याला तापीच्या पुलाजवळ जुन्या गाड्या विकत घेणारा तो म्हातारा मला एकदाच भेटला. आधी तो घोड्यांचा व्यापारी होता. मी आमची आलिशान सेडान विकायला नेली होती. नवी घेतली तेव्हा तिच्या किमतीत नंदुरबारला घर आलं असतं.

बॉनेट उघडण्याआधी त्यानं त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच उभा राहिला. नदीवर दुपार तरंगत होती. मग त्यानं माझा हात धरला, वर रुमाल टाकला आणि घोडेबाजारात करतात तसा बोटं दाबून भाव सांगितला. इतका कमी, की त्याचं बोट चुकलं असं मला वाटलं.

"एवढाच?" मी मोठ्यानं विचारलं.

"तिन्हा समोर भाव बोलानं नही, भाऊ," तो बॉनेट थोपटत पुटपुटला. "ती आयकी ऱ्हायनी."

मला हसू आलं, पण पुढचा सौदा मीही बोटांनीच केला. शेवटी त्यानं एक बोट वाढवलं.

निंबाखाली थांबलेली बायको जवळ आली. पदरानं गाडीच्या काचेवरची धूळ पुसत तिनं विचारलं, "कितीला ठरली?"

मी गाडीकडे पाहिलं आणि बायकोचा हात हळूच तिच्या पदराखाली घेतला.