भरीत खाऊन दिलेले तारे

मोबाइलवरच्या खेळाखाली लोक जे चार शब्द लिहितात, ते मी ऑफिसच्या कामापेक्षा जास्त मन लावून लिहायचो. आज हे सांगताना कान गरम होतात, पण तेव्हा मला त्याचा अभिमान होता. जळगावात एका छोट्या ऑफिसात मी दुकानांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. संध्याकाळी खोलीवर आलो की खेळ खेळायचो आणि खेळ संपला की रिव्ह्यू लिहायचो. त्याचे माझे नियम होते. खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आपला फोन कोणता, नवा की जुना, ते आधी सांगायचं, कारण निम्मे दोष फोनचे असतात आणि शिव्या खेळाला बसतात. चांगलं काय ते लिहायचं, कुठे अडकलो ते लिहायचं, हा खेळ कोणाला आवडेल आणि कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये तेही सांगायचं. बनवणाऱ्याचा बाप काढायचा नाही. 'एकदम भारी' किंवा 'फालतू' एवढंच लिहून मोकळं होणाऱ्यांची मला चीड होती. ऑफिसात मी त्यावर भाषण द्यायचो आणि सुट्टीत घरी गेलो की आई भाकरी थापत असताना तिलाही तेच ऐकवायचो. ऑफिसातले लोक चहा संपेपर्यंत ऐकायचे. आई मात्र भाकरी करपू न देता सगळं ऐकायची.

मग मी स्वतःच एक खेळ बनवला, शेतात पाणी भरण्याचा. मोटर सुरू होते, पाणी सरीतून पुढे सरकतं आणि खेळणाऱ्याने बोटाने माती सारून ते एका सरीतून दुसरीत वळवायचं. वीज जायच्या आत सगळं रान भिजायला हवं. माती चुकीच्या जागी सारली की पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरतं आणि एक माणूस खेकसतो, "डोया फुटनात का रे तुना? पानी कोठे सोडं?" हा आवाज माझा. बाहेरच्या रिक्षांचा आवाज येऊ नये म्हणून डोक्यावरून गोधडी घेऊन मी तो रेकॉर्ड केला होता आणि मला तो फार विनोदी वाटला होता.

पुण्यातल्या एका कंपनीतल्या गृहस्थांना मी खेळ दाखवला. ते फोनवर म्हणाले, "कल्पना बरी आहे. थोडे दिवस लोकांना खेळू द्या. आम्ही तारे मोजत नाही, लोक काय लिहितात ते वाचतो. ते वाचून ठरवू." मी खेळ ॲप स्टोअरवर टाकला. त्यांनी तो घेतला असता तर मी बिलिंगमधून सुटलो असतो आणि आयुष्यभर खेळच बनवले असते. माझं सगळं त्या वाचण्यावर अडकलं होतं, आणि हे मी घरी सगळ्यांना सांगून बसलो.

घर शिंदखेड्याजवळच्या गावात. आईला खेळाबिळातलं काही कळत नाही असा माझा समज होता. तिने एवढंच विचारलं, "लोके लिखतस ते कोठे दिखस?" मी तिला तारे दाखवले. पाच म्हणजे भरलेलं ताट, एवढं तिला कळलं. बाकीचं तिने आपल्या पद्धतीने ठरवलं.

हिवाळ्यात मामांनी भडगावजवळच्या शेतावर भरीत ठेवलं. आमच्याकडे या दिवसांत कोणी ना कोणी भरीत ठेवतंच. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, वरून कांद्याची पात आणि कढवलेलं तेल, सोबत पुऱ्या. त्या दिवशी आईचं सगळं सासर-माहेर जमलं होतं. पंगतीतून उठून लोक हात धुवायला जायचे, तिथे आई टॉवेल घेऊन उभी. टॉवेल दिला की ती फोन मागायची. मामांची सून खेळ उतरवून द्यायची, आई पाचव्या ताऱ्यावर बोट ठेवायची. काहींना नुसता तारा देणं बरं वाटेना, त्यांनी विचारलं, लिहायचं काय? आईने लग्नपत्रिकेच्या भाषेत सांगितलं, "खूप छान. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा." मग सगळ्यांनी तेच लिहिलं. एका मावसभावाने स्वतःचं डोकं लावून 'भरीत पण मस्त' अशी भर घातली. एका नानांकडे बटणांचा फोन होता. आपल्याकडून काही गेलं नाही याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की घरी जाऊन त्यांनी मुलाच्या फोनवरून तारे दिले. ताटावरून उठलेला माणूस आमच्याकडे नाही म्हणत नाही. आहेर देतो तसे त्यांनी तारे दिले, आणि आहेराची साडी कोणी उलगडून बघत नसतं.

मी तेव्हा कुठे होतो? तिथेच, पोत्यावर बसून वांगी सोलत. मला सगळं दिसत होतं. उठून आईला सांगायला हवं होतं की असं चालत नाही. मी फोन काढून बघितला, तर तारे वाढत होते. मला आतून गुदगुल्या झाल्या. मी फोन खिशात ठेवला आणि आणखी दोन पुऱ्या घेतल्या.

पुढच्या आठवड्यात कोणा अनोळखी माणसाने लिहिलं, "सगळ्या रिव्ह्यूत हार्दिक शुभेच्छा का आहेत? हे खेळाचं पान आहे की चौकातला वाढदिवसाचा बॅनर? एकजण तर भरीत मस्त म्हणतोय. मी हे तारे बघून खेळ घेतला. पुढे काही जागी पाणी सरकतच नाही, हे एकाही नातेवाइकाला दिसलं नाही, कारण कोणी खेळलेलंच नाही." शब्द तिखट होते, पण त्यात एकही खोटं नव्हतं. मीच लिहिणारा असतो तर ऑफिसात वाचून दाखवलं असतं. त्यानंतर स्टोअरकडून मेल आली की या रिव्ह्यूंबद्दल शंका आहे, असं पुन्हा दिसलं तर खेळ काढून टाकू. आणि पुण्याच्या गृहस्थांनी त्या पानाचा फोटो पाठवला, खाली दोनच शब्द, "हे काय?"

मी आईला फोन लावला. ती गोठ्यात होती, मागे म्हैस रेकत होती. मी तिला बोलूच दिलं नाही. "तुले कोनी सांगेल व्हतं? समजस नही त्यामा हात कसाले घालस? बठ्ठा खेळ बुडी गया मना. लोकेसमा लाज वाटस माले तुनी." शेवटचं वाक्य मी मुद्दाम सावकाश बोललो. ती "बरं भाऊ" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुण्याला मी उत्तर पाठवलं, 'घरच्या मंडळींनी प्रेमापोटी, माझ्या नकळत केलं.' नकळत हा शब्द लिहिताना मला त्या पोत्यावरची जागा लख्ख आठवत होती. तरी तो शब्द मी खोडला नाही.

चार-पाच दिवसांनी मामांचा फोन आला. आवाज चढलेला. "भाऊ, तुनी माय काय करी ऱ्हायनी माहीत शे का तुले? बठ्ठासले फोन करस. दिधेल तारा परत काढा म्हनस." लांबच्या सगळ्यांना फोन, आणि जवळच्यांकडे ती स्वतः जाऊन आली होती. उंबऱ्यात उभं राहून एकच सांगायची, "मनी चूक व्हयनी. पहिले खेळा, मंग जे खरं वाटी ते लिखा. नही खेळनं तं काहीच नका लिखू."

ज्याला आमच्याकडची रीत माहीत नाही त्याला यात काही वाटणार नाही. पण इथे आहेर परत मागणं सोडा, दिलेली साडी बदलून आणली तरी पुढच्या लग्नापर्यंत बोललं जातं. एक काका म्हणाले, आम्ही काय खोटं दिलं का? एका काकूंनी चारचौघींत सांगितलं की दिलेलं परत घ्या म्हणणारी बाई जन्मात पहिल्यांदा पाहिली. आई ऐकून घेत गेली. माझी आई म्हणजे साध्या पंगतीतही कोणाचं ऐकून न घेणारी बाई. मामा म्हणाले, "तिले असा हात जोडताना मी कधी देखं नही." मग त्यांनी विचारलं, "तू काही बोलना का तिले?" मी म्हणालो, "नही." हे दुसरं खोटं.

त्याच दिवशी गाडी पकडून मी घरी जायला हवं होतं. जळगावहून आमच्याकडे जायला काही समुद्र ओलांडावा लागत नाही. मी गेलो नाही. रविवारी खोलीवर कपडे धुतले आणि दिवसभर स्वतःला समजावत बसलो की चूक तिचीच होती, मी फक्त जरा जोरात बोललो.

हळूहळू हार्दिक शुभेच्छा पानावरून उतरायला लागल्या. त्यांच्या जागी थोडे रिव्ह्यू आले, अडखळत लिहिलेले. एकाने लिहिलं की फोन फार तापतो. मावसभावाने या वेळी भरीत वगळून, तिसऱ्या शेतात पाणी अडकतं असं लिहिलं. ज्या जागी अडकत होतं ती त्याने बरोबर पकडली होती. अनोळखी माणसानेही आपल्या मजकुराखाली भर घातली, की आता काही जण खेळून लिहिताहेत असं वाटतं. आणि एका दुपारी, ऑफिसात, त्या पानावर मला एक फोटो दिसला. ट्रॅक्टरच्या चाकाजवळ उभी असलेली बाई, डोळ्यांवर ऊन. तो फोटो मीच आईच्या खात्याला लावून दिला होता. खाली तीन तारे आणि हे:

"मी हा खेळ सगळा खेळले. माझा फोन मुलाचा जुना आहे, काच एका बाजूने तडकलेली आहे, तिकडच्या सरीला बोट लागत नाही. ती चूक खेळाची नाही. खेळ चांगला आहे. पाण्याचा आवाज खरा वाटतो. अक्षर बारीक आहे, चष्मा लावावा लागतो. वीज जायला किती वेळ उरला ते मोठं दाखवावं. घरी बसणाऱ्या बायांना हा खेळ आवडेल, लहान मुलांना अवघड जाईल. पाणी चुकलं की यातला माणूस फार ओरडतो. नवीन माणसाला माहीत नसतं. एकदा समजावून सांगितलं तर तो परत चुकणार नाही. ओरडल्यावर मी फोन ठेवून दिला होता, मन लागलं नाही. नंतर परत खेळले. बनवणाऱ्याने मेहनत केली आहे. मी त्याची आई आहे, म्हणून माझं मत कमी धरावं."

मी ते टेबलाखाली फोन धरून वाचलं. भाकरी थापताना ऐकलेला एकही नियम तिने सोडला नव्हता. कोणाला आवडेल, कोणाला नाही, हेसुद्धा होतं. शेवटचं वाक्य मात्र माझ्या नियमांत नव्हतं. आपलं नातं आधी सांगून मग बोलावं, हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि भरिताच्या दिवशी तर मला नेमकं तेच झाकायचं होतं. ओरडणाऱ्या माणसाबद्दल तिने खेळापुरतंच लिहिलं होतं, त्यात टोमणा शोधूनही सापडेना. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. इतकी लाज मला त्या बॅनरच्या रिव्ह्यूनेही वाटली नव्हती.

पुण्याच्या कंपनीने खेळ घेतला नाही. गृहस्थांनी एकच ओळ पाठवली, "तुमच्या आईंचं वाचलं, तो आवाज काढाच." कारण दिलं नाही. माझा 'नकळत' त्यांना पटला नसावा असं मला वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मी घरी गेलो. आईने नेहमीसारखं ताट वाढलं, मिरचीचा ठेचा माझ्या बाजूला सरकवला. माफी मागायची म्हणून वाटभर जुळवलेली वाक्यं तोंडातून निघेनात. आमच्या घरात तशी सवय नाही, असं म्हणून मी सुटू शकतो, पण ओरडायची सवय तरी कुठे होती? शेवटी मी म्हणालो, "आई, तो ओरडनारा मानूस मी काढी टाकस. त्यानी जागावर तुना आवाज पाहिजे."

"मना?" ती हसली. पदराला हात पुसत बसली. "काय बोलू?"

"पानी चुकनं तं तू काय सांगशी?"

ती विचार करायला लागली. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "हाऊ आवाज बठ्ठासले ऐकू येई ना रे भाऊ? मंग तुले लाज तं नही वाटस ना मनी?"

मी बटण आधीच दाबलेलं होतं, तिला ते माहीत नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये तिचा प्रश्न आहे, त्यानंतर बाहेर कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज. मग तीच पुन्हा बोलते, "ऱ्हाऊ दे. माती लाव, परत भर."

शेवटचा तुकडा मी खेळात घातला. आधीचा कापला. तो फोनमध्ये तसाच आहे, आणि त्यात माझं उत्तर नाही.