आठवी ओळ, तेरावं झाड

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर एकच विचारत आलो... तू स्वतः पाहिलंस का? बहुतेकांच्या मामाने किंवा मामाच्या मित्राने पाहिलेलं असतं. त्यामुळे आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

मी खानदेशातल्या चोपड्याजवळचा केळीवाला, वय बावन्न. गेल्या भाद्रपदात बायकोच्या हट्टापायी कोकणात गेलो. घरी अडीच महिन्यांची केळीची चार हजार दोनशे झाडं धाकट्या भावाच्या, बापूच्या भरवशावर. शिवारात हरण्या रोग शिरला होता. त्याला औषध नाही. पहिलं रोगट झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून गाडायचं, नाहीतर बाग हातची जाते. माझा सगळा जीव तिकडे.

आणि आम्ही पाहतोय काय, तर समुद्राकाठच्या टेकडीवरचा कुणा संस्थानिकाचा बंगला! गाईडने चाळीस खोल्या सांगितल्या. मी मोजल्या — सव्वीस, त्याही न्हाणीघरं धरून. लोक गळक्या छताखाली उभे राहून फोटो काढत होते. बाग तर विचारूच नका. कारंजं कोरडं, गुलाब खाऱ्या वाऱ्याने करपलेले.

मागच्या उतारावर केळीचं एक बेट होतं, एकेका बुंध्याशी फुटलेली सात-आठ पिलं. साठीचा एक माळी भर दुपारी ती विळ्याने कशीतरी कापत होता. दुसऱ्याची केळी दिसली की आम्हा लोकांना गप्प राहवत नाही. एकच पील ठेव, बाकीची जमिनीसरशी काप, विळा असा धर... पाच मिनिटं मी त्याला शिकवलं. वर म्हणालो, "तुम्हा लोकांना केळी कळतच नाही."

मान वर न करता तो म्हणाला, "माले शिकाडस, पन तुना बाग कोन देखी ऱ्हायना? आठवी वळ, बांधकडथून तेरावं झाड. आजच उपटी टाक."

आमची अहिराणी! कोकणात! मी पुढे होईपर्यंत तो उतारावरून खाली गेलासुद्धा.

बायको बाकावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "फोन करायला काय जातं तुमचं?"

बापू आधी हसला. "दादा, समुद्रना वारा डोकामा गया का?" पण गेला. चाळीस मिनिटांनी त्याचा फोन आला तेव्हा तो हसत नव्हता. आठवी ओळ, बांधाकडून तेरावं. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, सडायला लागलेला. मी म्हटलं, आत्ताच उपट.

फाटकावर चौकशी केली. बंगल्याला माळी दोन, दोघीही बायका, आणि त्या दिवशी त्यांची सुट्टी. मी परत उतारावर गेलो. कापलेल्या पिलांतून चीक अजून गळत होता.

आमची एकूण एकोणीस झाडं गेली. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांनी अख्ख्या बागा उपटल्या. योगायोग म्हणणाऱ्या शहाण्यांनी चार हजार दोनशेतलं एक झाड इतक्या लांबून नेमकं सांगून दाखवावं. भूत म्हणणाऱ्यांची तर मला कीवच येते — भूत पिलं कशाला कापत बसेल? माणूस होता. त्याला कसं कळलं, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याला शोधायला पुन्हा जाईनही. पण कोणाच्या नावाने विचारू? पाच मिनिटं त्याला अक्कल शिकवली... नाव विचारावंसं वाटलं नाही.