चाळीस अर्ज आणि एक चिम्या

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पायजे. चहा गार झाला तरी चालेल. सकाळपासून ती केस डोक्यात नाचतेय, इतकी वर्षं झाली तरी जशीच्या तशी आठवते.

आधी माझी ओळख. मी फौजदार व्हतो, म्हणजे पीएसआय. परीक्षा देऊन लागलो, पाच वर्षं नोकरी केली, राजीनामा दिला, आता घरची द्राक्षबाग बघतो. वय बत्तीस. गावात मला चेष्टेनं "रिटायर सायेब" म्हणतात, म्हणूदे! या केसमधल्या माणसांची नावं घेणार नाय, तसा नियमच हाय. बैलाचं नाव घेतो, त्याची हरकत नसती.

तर जुन्नर भागात पोस्टिंग. माझ्याकडं बीटाबरोबर अर्ज शाखा. अर्ज शाखा म्हणजे कुणी मागून घेत नाय असं टेबल. शेजाऱ्याची कोंबडी, बांधावरचं झाड, लग्नातला डीजे, सगळं तिथं. आवक नंबर टाका, चौकशी करा, जबाब घ्या, फाईल लावा. एका सोमवारी टपालात गठ्ठा आला. एक, दोन, पाच करत पुरे चाळीस अर्ज, सगळे एकाच माणसाविरुद्ध!

तो माणूस म्हणजे आणे गावच्या पठारावरचा एक म्हातारा मेंढपाळ. गावच्या गायरानात त्याचा मेंढ्यांचा वाडा. वाडा म्हणजे काय, काट्यांचं कुंपण, वर एक पत्रा, कडेला खोपट. म्हातारा, म्हातारी, मुलगा, सून. अर्जात काय, तर यांच्या मेंढ्या पीक खातात, कुत्री अंगावर येतात, यांना गायरानातून हलवा. कुणाचा कांदा खाल्ला, कुणाची बाजरी, कुणाचं डाळिंब.

मोठ्या साहेबांनी गठ्ठा हातात धरून वजन केल्यासारखं केलं. "चाळीस अर्ज म्हणजे गाव उठलंय. चॅप्टर केस करा, पुढच्या सोमवारी तहसीलला रिपोर्ट पाठवा. उद्या तिथं डोकी फुटली तर मला विचारतील."

चॅप्टर केस म्हणजे भांडण व्हायच्या आधीच करायची कारवाई. तसा रिपोर्ट गेला असता तर वाडा उठलाच असता. आणि नेमक्या तेव्हा मेंढ्या व्यायला आलेल्या. मी गेलो तर म्हातारा एका गाभण मेंढीपाशी उकिडवा बसलेला.

मी म्हटलं, "बाबा, चाळीस लोकांची तक्रार हाय."

तो म्हणाला, "चाळीस? सायेब, मला चाळीस मानसं वळकत बी न्हाईत. इथं कोन येतंय?"

"मग हलायचं का थोडे दिवस?"

"हलतो की. पर ही आठ-धा दिसात वेत्यात. अशा पोटुशींना दगडातनं चालवलं तर वाटंतच गाभ टाकत्यात. तुमी सांगा, आमी काय करू?"

मी म्हटलं, "बघतो." पोलीस 'बघतो' म्हणतो तेव्हा त्याला काहीच सुचलेलं नसतं, हे लक्षात ठेवा.

परत आल्यावर नियमाप्रमाणं सगळ्या अर्जदारांना पोस्टानं पोच पाठवली. खरं तर ही पोच कुणी पाठवत नाय, आमचे हवालदार म्हणाले पण, "सायेब, नवीन हायसा, कळंल हळूहळू." पण मी पाठवली. आणि गुरुवारी ठाण्यात फोन! जुन्नरच्या पेठेतले एक रिटायर गुरुजी, आवाज वर्गात बोलल्यासारखा.

"तुमची पोच मिळाली. माझ्या कोणत्या पिकाचं नुकसान झालं, ते कृपा करून मला कळवा."

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हीच अर्ज केलाय की."

"मी केलेला नाही! मला शेत नाही. गॅलरीत गुलाबाची एक कुंडी आहे, आणि तिच्यापर्यंत मेंढी जिना चढून येईल असं वाटत नाही."

मी पळत जाऊन त्यांचा अर्ज काढला. वाचला आणि अंगावर काटा! "माझ्या शेतातील", मग मोकळी जागा, मग "या पिकाचे नुकसान झाले आहे." पिकाचं नावच नाय! मग चाळीसच्या चाळीस टेबलावर पसरले. एकच मजकूर राव! फक्त नाव, गाव आणि पीक बदललेलं. आणि प्रत्येकाच्या तळाला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात एक ओळ. तयार करणार, आणि पुढं चिम्या.

हवालदार म्हणाले, "घ्या, गावला. चिम्या नावाचा टायपिस्ट हुडकायचा."

मग आम्ही दोन दिवस चिम्या शोधला. जुन्नरातली टायपिंगची, झेरॉक्सची दुकानं, तहसीलबाहेरचे अर्ज लिहिणारे, एसटी स्टँड. एक चिम्या मिळाला, तो भेळ विकत व्हता, त्याला इंग्रजी सोडा, मराठीबी वाचता येईना. दुसरा चिम्या दीड वर्षाचा, आईच्या कडेवर. हवालदार म्हणाले, "ह्याला ताब्यात घिऊ का? रडतोय तर लई संशयास्पद."

शनिवार उजाडला, सोमवार तोंडावर. आणि त्यात मोठ्या साहेबांनी दुसरंच काम लावलं. डिंभ्याकडच्या एका जत्रेचा बंदोबस्त व्हता, त्यासाठी साठ जणांना नोटिसा काढायच्या. मजकूर एकच, नाव-गाव वेगळं. हवालदार साठ वेळा टाइप करायला बसले. मी म्हटलं, थांबा, याला एक जुगाड असतो.

आता हे नीट सांगतो, कारण सगळी गंमत इथंच हाय. कॉम्प्युटरमध्ये एक काळी खिडकी उघडती. तिथं माऊस चालत नाय, हुकूम टाइप करायचा. त्यात एक छोटं टूल असतं. तुम्ही एकदाच साचा लिहायचा आणि जिथं नाव पायजे तिथं नाव न लिहिता डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून एक शब्द. नाव येईल तिथं एक शब्द, गाव येईल तिथं दुसरा. मग यादी द्यायची. टूल यादीतला एकेक माणूस उचलतं, त्या जागा भरतं आणि साठ नोटिसा तयार. टूल कसलाच प्रश्न विचारत नाय. एखादी जागा भरायला काही दिलं नाय तर ती रिकामी सोडून पुढं जातं.

मी नेटवरून तयार नमुना उतरवला, वरचा मजकूर बदलला, तळाच्या ओळीचं नुसतं मराठी केलं आणि एंटर मारला. पहिली नोटीस प्रिंटरमधून बाहेर आली. हवालदारांनी वाचली, उलटी-सुलटी केली आणि विचारलं, "सायेब, खाली तुमी सोताचं नाव कशाला टाकलंय?"

मी बघितलं. तयार करणार, आणि पुढं पीएसआय दोन! माझ्या लॅपटॉपचं लॉगिन! मी ते टाइप केलेलंच नव्हतं! नमुन्याच्या तळाला डॉलर आणि यूजर असा शब्द व्हता, तो मी तसाच ठेवलेला. आणि यूजर म्हटलं की हे टूल मशीनलाच विचारतं, बाबा रे, आत्ता लॉगिन कोण हाय? आणि ते नाव गुपचूप छापून टाकतं.

मी खुर्चीवरून उठलोच. "हवालदार! चिम्या हे माणसाचं नाव नसलं तर? ते कुणाच्या तरी कॉम्प्युटरचं लॉगिन हाय! त्यानं पण हाच नमुना उतरवलाय आणि तळ बघितलाच नाय!"

हवालदारांनी गाडीची चावी उचलली. मग हळू आवाजात म्हणाले, "मानसाचं न्हाई तर... सायेब, गाडीत बसा."

ते मला थेट आण्याच्या बाजूला एका गुरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हशीला सुई टोचत व्हते. हवालदारांनी विचारलं, "डॉक्टर, चिम्या ठावं हाय का कुठला?"

"चिम्या? व्हय की! परवाच इंजेक्शन दिलं. पळतो लई भारी, पण लाथ मारतो. हे बघा," म्हणून पँट वर करून नडगी दाखवली.

बैल! बैलगाडा शर्यतीचा बैल! आणि त्याचा मालक कोण, तर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवणारा एक तरुण. वय माझ्याएवढंच, टी-शर्टवर बैलाचा फोटो.

त्याला ठाण्यात बोलावलं. लोकांना वाटतं पोलीस चौकशी म्हणजे आरडाओरडा. माझा अनुभव वेगळा हाय. माणसाला ज्याचा अभिमान असतो त्याबद्दल विचारा, तो आपोआप बोलतो. मी चहा मागवला आणि म्हटलं, "तुमचा चिम्या कसा हाय?"

गडी फुलला! किती सेकंदात घाट मारला, कुठं पहिला आला, खुराक काय. घाट म्हणजे आमच्याकडं शर्यतीची धावपट्टी. वीस मिनिटं बोलला. मग मी विचारलं, "जीव लई दिसतोय. कॉम्प्युटरलाबी त्याचंच नाव दिलंय का?"

"मग! लॉगिन, पासवर्ड, समदं त्यो..."

आणि थांबला. मी चाळीस अर्ज समोर ठेवले आणि नुसतं तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. तो वाकला, वाचलं, दुसरा अर्ज उचलला, तिसरा उचलला. कपाळावर हात मारला.

"आयला! हे कुठनं आलं राव?"

"मशीननं टाकलं."

"च्यायला, नमुन्यात असंल! म्या वरचंच बघितलं वो सायेब." आणि हसायलाच लागला येडा. हवालदारांनी खाकरल्यावर गप झाला.

मग सगळं बाहेर आलं. बैलांच्या सरावाला घाट करायला सपाट जागा हवी व्हती. गायरानाचा तो तुकडा एकदम सरळ, फक्त मधे म्हाताऱ्याचा वाडा. खऱ्या तक्रारी तीनच, त्या पण कुत्र्यांच्या. "तिघांच्या अर्जाला कोन विचारतंय? म्हनून म्या दुकानात ज्यांचे फॉर्म भरले त्यांची यादी लावली. सह्या आमच्या शर्यतीच्या पोरांनी केल्या." गुरुजी पण तसेच आलेले, पेन्शनचा फॉर्म भरायला गेलेले. पेन्शनच्या फॉर्मात पीक कुठून असणार? जागा रिकामी राहिली.

मी म्हटलं, "आणि तो म्हातारा? त्याच्या मेंढ्या व्यायला आल्यात, माहीत हाय?"

त्यानं हातातले अर्ज खाली ठेवले. मग खाली बघत म्हणाला, "गाभनी हाईत व्हय? हे न्हवतं ठावं." जनावराचा माणूस व्हता शेवटी.

रविवारी मी आणि हवालदार घरोघर फिरलो, सदतीस जबाब घेतले. सोमवारी रिपोर्ट गेला, पण उलटा. तक्रारदार चाळीस नाहीत, तीन. वाडा हलवायचं कारण नाही. मोठ्या साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे मी एका बैलाच्या अर्जावर कारवाई करणार व्हतो?" ठाण्यात असा हशा मी परत ऐकला नाय. खोट्या सह्यांबद्दल त्या गड्यावर रीतसर कारवाई झाली, ती टळली नाय. तिघा खऱ्या तक्रारदारांनाही मी विसरलो नाय. म्हाताऱ्याला सांगितलं, दिवसा कुत्री साखळीला बांधायची. त्यानं त्याच दिवशी बांधली. त्या आठवड्यात मेंढ्या तिथंच व्यायल्या, जागच्या जागी.

म्हाताऱ्याला मी सगळं समजावून सांगितलं, साचा, यादी, काळी खिडकी. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजी सायेब, चाळीस जन माज्यावर रागावलं न्हवतं?"

"नाय बाबा. तिघंच."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "आठ दिस मी गावात मान खाली घालून हिंडत व्हतो. वाटायचं, आपुन एवढ्या लोकांचं काय वाईट केलं?"

मला वाटत व्हतं त्याला जागेची काळजी हाय. ती व्हतीच. पण आख्खं गाव आपल्यावर नाराज हाय, हे त्याला आतून जास्त खात व्हतं, आणि मी एकदाही ते विचारलं नव्हतं. या केसनं मला तेवढं शिकवलं. गठ्ठा जाड असला की आपण माणसं मोजली असं समजतो, पण कागद एकटा माणूस कितीही काढू शकतो. दार वाजवून विचारल्याशिवाय माणूस मोजायचा नाय.

आता तुमचं सांगा. तुम्हाला कधी असं वाटलंय का, की सगळेच आपल्यावर रागावलेत, आणि नंतर कळलं की ते दोन-तीनच जण व्हते?