गुंडा हवालदाराचा बियरचा जाम

गुंडा हवालदार फौजेत वीस वर्षं लंगरात कुक होता. बंदूक मोजून तीनदा चालवली, पण पाचशे माणसांची डाळ कधी करपू दिली न्हाई, हे तो आजही छाती काढून सांगतो. रिटायर होऊन औंधाच्या खालच्या अंगाला आमच्या गावात आला, तेव्हा पेन्शनीबरोबर कॅन्टीनचं कार्ड आलं, आणि कार्डावर दर महिन्याला बियरचा कोटा.

गुंडा स्वतः पीत नाही. नुसत्या वासानं त्याच्या छातीत जळजळतं. पण कोटा सोडणं म्हणजे त्याला मेडल गटारात टाकल्यासारखं वाटतं. दर महिन्याला एस.टी.नं साताऱ्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, बाटल्या आणून ज्याला त्याला वाटून टाकायच्या. एकोणीस वर्षांत एक महिना चुकला नाही. सासरा गेला, तरी माती सावडून गडी रांगेत हजर.

मग गावात दारूबंदीचं मतदान झालं आणि बायकांनी बाटली आडवी केली. कमिटीची अध्यक्ष हरणाबाई, म्हणजे गुंडाचीच बायको. तिनं वर ठरावही करून घेतला, की गावच्या शिवेच्या आत भरली बाटली येता कामा नये.

"मग माझ्या कोट्याचं?" गुंडानं ताटावर विचारलं.

"सोडून द्यायचा."

"हक्काचा हाय त्यो."

"आवं, तुमी पीत न्हाई. हक्क काय लोणच्यात घालायचा?"

गुंडाचा घास हातातच राहिला. लंगरवाल्याला एवढं पुरे होतं.

त्याचा मेव्हणा महाबळेश्वरात टॅक्सी चालवतो. गिऱ्हाईक नाक मुरडतं तसली मऊ पडलेली स्ट्रॉबेरी त्यानं दोन क्रेट पाठवली. गुंडानं ओढ्यापलीकडं, दुसऱ्या गावच्या हद्दीत, तीन दगड मांडले. पहिल्यांदा बियर उतू जाऊन फेसानं चूलच विझवली. दुसऱ्यांदा त्यानं ती दमानं आटवून निम्मी केली, मग स्ट्रॉबेरी, साखर, वर लिंबू. मोकळ्या बाटल्या तिकडं राहिल्या, भरलेल्या बरण्या इकडं आल्या. ठराव शाबूत.

जाम झाला होता झकास, गोडाच्या मागनं जरा कडसर. पण त्यात बियर हाय ही बातमी गावातल्या बाप्यांना लागली आणि घात झाला. कोंडीबानं पारावर बसून जामाबरोबर दोन भाकरी खाल्ल्या आणि तो झोकांड्या खायला लागला. लाईटच्या खांबाला मिठी मारून त्याला 'दाजी' म्हणाला. दुसऱ्या दिवशी तसले आठजण झाले.

गुंडा खवळला. "आरं कोंडीबा, दोन तास शिजलंय त्ये. नशा चुलीवरच उडून गेली."

"हवालदार, तू पीत न्हाईस," कोंडीबा खांब न सोडता म्हणाला. "तुला काय कळतंय?"

हरणाबाईनं समाजमंदिरात कमिटी बोलावली. जामावर बंदी आली तर गुंडाचा कोटा कायमचा गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो दाराशी सावधानमध्ये उभा राहिला. बायकोनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"भामाबाई, बरणी आडवी कर. जाऊ दे मातीत," ती म्हणाली.

भामाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिनं झाकण काढलं आणि बरणी पायरीवर आडवी ठेवली. जाम वाहून जायची वाट बघत बत्तीस बायका पुढं वाकल्या. जाम हलला नाही. भामाबाईनं बरणीच्या बुडावर थाप मारली. तरी नाही. मग तिनं बोट घालून चाटलं.

"पाक कुणी धरला ह्यो?"

"मी," गुंडा म्हणाला.

"तार बघून?"

"न्हाई. गार बशीत थेंब सोडायचा, बोटानं ढकलायचा. सुरकुती पडली की उतरवायचा."

"माज्या सुनंला दाखवा जरा. तिचा मोरांबा चमच्यातनं पळतोय."

बरणी बायकांतनं फिरली, मग दुसरी, मग तिसरी. हरणाबाईनं अर्धा तास सगळ्यांना बसवून ठेवलं आणि नंतर एकेकीला फरशीच्या रेघेवरनं चालायला लावलं. फक्त ऐंशीची धोंडुबाई डगमगली. पण ती गुडघ्यापायी दोन वर्षं तशीच चालते, म्हणून तिला हिशेबात धरलं नाही. शेवटी हरणाबाई स्वतः चालली. रेघ सुटली नाही.

"नशा न्हाई. ह्यो जामच हाय," तिनं निकाल दिला.

बाहेर भिंतीला टेकून डुलणारा कोंडीबा ताठ उभा राहिला. "मग आमी चार दिस झोकांड्या खाल्ल्या त्या काय उगंच?" एवढं म्हणून तो सरळ रेघेत घरी गेला. त्यानंतर एकाही बाप्यानं त्या जामाला हात लावला नाही.

बायकांनी मात्र सोडला नाही. पोरांच्या डब्याला, माहेरच्या पिशवीत, पाव्हण्याच्या ताटात, सगळीकडं जाम. गुंडाचा एकट्याचा कोटा पुरेना. तेव्हा हरणाबाई गावातल्या बाकीच्या सात फौजींच्या दारी त्यांचा कोटा जामासाठी मागायला गेली. शिवेबाहेर बसून पिणारी ही माणसं. त्यांची तोंडं उतरली. पण प्रत्येकाची बायको कमिटीत होती.

पुढच्या खेपेला कॅन्टीनच्या रांगेत आमच्या गावचे आठ फौजी होते, आणि प्रत्येकाच्या मागं एकेक बाई, हातात पिशवी. सगळ्यांत पुढं गुंडा, इस्त्रीचा शर्ट घालून.

"गुंडा, तुझं वाटोळं हुईल गड्या," मागनं त्या सातांतलाच एक सुभेदार पुटपुटला.

"आवं सुभेदार," हरणाबाई म्हणाली, "कार्ड काढून ठिवा. आन् बाटली हातात घ्यायची न्हाई, सरळ पिशवीत."