‘दितंय’ म्हणून सांगितलेलं औषध

माझी मुलगी तीन वर्षांची असताना माती खायची. गोठ्याच्या भिंतीचे पोपडे नखांनी काढायची आणि चॉकलेटसारखे चघळायची. मी तेव्हा धामापूरजवळच्या एका काजूच्या कारखान्यात सोलायला जायचे. ती दिवसभर सासूबाईंकडे असायची.

शेजारी सत्यनारायण होता. प्रसाद घेऊन बायका अंगणात बसल्या होत्या. तेवढ्यात ही तोंडभर माती घेऊन माझ्याकडे आली. एक शेजारीण हसून म्हणाली, "चेडवाक उपाशी ठेवतंस काय गो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आणून मात्र तिला मारलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिच्या बोटांना हिरवी मिरची चोळली, म्हणजे बोट तोंडात जाणार नाही. ती रडली, पण जोर लावून रडली नाही. थोडं रडून दमली आणि भिंतीला टेकून बसली. पोर हट्टी नाही याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

त्याआधी अंगणवाडीच्या बाईंनी लोहाच्या औषधाची बाटली दिली होती. दोन दिवस दिलं, तर शी काळी झाली. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता झाली तेका. बंद कर ता औषध." मी बंद केलं. बाई घरी आल्या की विचारायच्या, "औषध दितंस मा?"

"दितंय," मी सांगायचे.

पावसाळा सरता सरता ती अंगणवाडीत बसल्या जागी कोसळली. त्याच बाईंनी तिला उचलून रिक्षात घातलं आणि मला कारखान्यात निरोप पाठवला. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक. रक्त इतकं कमी होतं की बाहेरचं चढवावं लागलं.

"लोहाचं औषध चालू होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

माझा नवरा शेजारी उभा होता, अंगणवाडीच्या बाई उभ्या होत्या. मी म्हटलं, "हो. रोज."

डॉक्टर विचारात पडले. औषध घेऊनही रक्त वाढत नाही, म्हणजे दुसरंच काही असेल. म्हणून आणखी तपासण्या लागल्या. दोन दिवसांत तिच्या हाताला किती वेळा सुई टोचली, मी बघत होते. रक्त नसलेल्या पोरीचं रक्त काढत होते, आणि ते माझ्या एका शब्दामुळे. नवऱ्याने ऐन मासेमारीच्या दिवसांत होडी किनाऱ्याला लावली होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "गोव्याला न्यावं लागेल. हाडातला मगज तपासायला हवा."

तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "डॉक्टर, मी औषध दिलंच नाही."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती गोव्याला पाठवायची चिठ्ठी फाडली आणि समजावून सांगितलं. शी काळी होणारच, घाबरायचं नाही. जेवणाबरोबर चहा द्यायचा नाही. "आणि माती खाते म्हणून रागावू नका. ती खोड नाही, शरीराला लोह कमी पडल्याची खूण आहे."

मिरचीचं मी त्यांना सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

जिन्यात अंगणवाडीच्या बाई एवढंच म्हणाल्या, "माका एकदा विचारूचा होता गो." 

औषध नेमाने सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तिने माती सोडली. गालांवर रंग यायला आणखी वेळ लागला. कारखान्यातली माझी जागा दुसरीला गेली होती, ते वर्ष मी घरीच काढलं. त्याच काळात सत्यनारायणाच्या दिवशी मला टोमणा मारणारी ती शेजारीण एकदा मागच्या दाराने आली आणि हळूच म्हणाली, "माझो नातू चुनो खाता. कोणाक सांगा नको."

मी तिला बाईंकडे घेऊन गेले. काळ्या शीबद्दल सांगितलं, चहाबद्दल सांगितलं. तिने विचारलं, "तू तुझ्या चेडवाक औषध येळेर दिलंस मा?"

मी पुन्हा "हो" म्हणाले.